सांभाळणारीचंही नाव लिहा : जिल्हा परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सांगली.

विषय : अल्झायमरच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांना गावपातळीवर मदत मिळणेबाबत.

महोदय,

आशाताई घरोघर फिरून तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तपासणी फॉर्म भरतात. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला साखर-बीपी आहे का, असे प्रश्न त्यात असतात. साठीच्या पुढच्यांसाठी काही जादा प्रश्न आहेत आणि त्यातला एक असा आहे : जवळच्या माणसांची नावं किंवा आपल्या घराचा पत्ता विसरता का?

हा प्रश्न फॉर्ममध्ये आहे याचंच मला आधी अप्रूप वाटलं. म्हाताऱ्या माणसाचं विसरणं हा विचारायचा विषय आहे, हे कुणाला तरी वाटलं. उत्तर 'हो' असेल तर जवळच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवा, अशी पुढची सूचना आहे. तिथून माणूस सांगलीला नाहीतर मिरजेला जातो. अल्झायमरचं निदान होतं, गोळ्या लिहून मिळतात आणि तो घरी परत येतो. डोनेपेझिल, मेमॅन्टिन या गोळ्यांनी काहींना काही काळ थोडा फरक पडतो, पण आजार थांबत नाही. पुढची कित्येक वर्षं हा माणूस घरीच असतो, आणि त्या वर्षांसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. त्याला अंघोळ कोण घालतं, रात्री त्याच्याबरोबर कोण जागतं, तिचं वय काय, तिची कंबर धरलीय का, तिची साखर शेवटची कधी तपासली, हे तर कुठल्याच कागदावर नाही. माझं मागणं एवढंच आहे की तिचंही नाव लिहा. बाकीच्या मागण्या त्यातूनच निघतात.

मी विट्याजवळच्या एका गावात राहते. शिवणकाम करते, त्याआधी बालवाडीत शिकवत होते. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, धंद्यात देशभर पांगलेली आहेत. आपण बाहेरच्या जिल्ह्यातून आला असाल तर एवढ्यासाठी सांगते, की इथे कितीतरी घरांत कर्ता पुरुष हजार किलोमीटरवर असतो आणि घरी म्हातारी माणसं आणि सून. माझे मिस्टर केरळात त्रिशूरला असतात. मुलगी शिकायला सांगलीला. घरी मी आणि आत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

दुपारी आत्यांच्या पुढ्यात सूप आणि शेरभर जोंधळे ठेवले की त्या तासभर रमतात. पाखडताना त्यांचा हात अजून चुकत नाही. फोलपट बाहेर उडतं, खडे एका कोपऱ्याला येतात, दाणा मागे राहतो, आणि मधूनच त्या माझ्याकडे बघून विचारतात, "तू कुणाची गं?" मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग या आजारात आधी झिजतो. हातात मुरलेली कामं पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. मी रोज तेच जोंधळे देते. घरात निवडायचं धान्य आता राहिलेलं नाही, पण त्याने काही बिघडत नाही.

दिवस कलला की सूप बाजूला पडतं. येरझाऱ्या सुरू होतात. "आगं, मला घरला सोड की. आई वाट बगत आसंल." त्यांची आई माझ्या लग्नाच्याही आधी गेली. अशा वेळी खरं-खोटं करत बसायचं नसतं. मी चपला घालते, त्यांच्या हातात पिशवी देते आणि आम्ही मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो. परत दारात आलो की कधी त्यांना त्यांचं घर सापडलेलं असतं, कधी नसतं. मग पुन्हा चपला. हे मला कुणी शिकवलेलं नाही, चाचपडत कळत गेलं. अंघोळीला चिडल्या तर अंगावर पाणी ओतायचं नाही, आधी तांब्या त्यांच्या हातात द्यायचा. दाराची कडी त्यांच्या नजरेच्या वर बसवायची. संध्याकाळी दिवे लवकर लावायचे, कारण सावल्यांना त्या घाबरतात. एका चांगल्या नर्सला या सगळ्यासाठी दोन तास पुरले असते. प्रत्येक घर हेच पहिल्यापासून एकट्याने शिकतं.

जेवून अर्धा तास होत नाही तोवर आत्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सकाळधरनं पोटात काय न्हाई." गल्लीतल्या बायका भाकरी-कालवण घेऊन येतात आणि माझ्याकडे बघतात. डोरलं कुठंतरी ठेवून विसरल्या, तर ते मी मोडून खाल्लं असं त्यांनी भर लग्नात पाव्हण्यांना सांगितलं. चोरीचा आळ घेणं, जेवायला दिलं नाही म्हणणं, ही या आजाराची अगदी नेहमीची लक्षणं आहेत. हे गावाला माहीत नाही, म्हणून गाव सुनेला दोष देतं आणि म्हातारीला चळ लागला म्हणतं. कुणी अंगारा आणून देतं, कुणी देवऋषी सुचवतं. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी कृपा करून प्रभातफेरी काढू नका. त्याऐवजी ग्रामसभेत पाच मिनिटं घ्या आणि एवढं वाचून दाखवा की जेवल्याचं विसरणं हा आजार आहे, सुनेने केलेला छळ नव्हे. माझं निम्मं ओझं तिथेच उतरेल.

ही एका घराची रड नाही. देशपातळीवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं, म्हणजे अशा विसरण्याच्या सगळ्या आजारांचं मिळून, प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं. स्मृतिभ्रंशाच्या सगळ्या प्रकारांत अल्झायमरच सर्वांत मोठा. एका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती असते आणि त्यात शंभरेक ज्येष्ठ धरले तर तिच्या वाट्याला अशी सात-आठ घरं येतात. आमच्याच गावात मला तीन माहीत आहेत. त्यातल्या एका घरी आण्णा आहेत, सत्तरी ओलांडलेले, रोज सकाळी बायकोची वेणी घालतात. आधी वाकडी यायची, आता सरळ येते. बाकीची घरं दार लावून घेतात.

या घरांसाठी काय करता येईल, ते मला जसं सुचतं तसं लिहिते.

पहिल्याने निदानाबद्दल. विसरणारा प्रत्येक माणूस अल्झायमरचा नसतो. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, थायरॉईड बिघडलं असेल, मनात खोल उदासी असेल, तरी माणूस असाच होतो, आणि यावर उपाय आहे. नीट ऐकू येत नसेल, मोतीबिंदू पिकला असेल, तर साधा माणूसही भ्रमिष्टासारखा वागतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या २०२४ च्या आयोगाने तर दुर्लक्षित बहिरेपण आणि अंधूक नजर यांना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्यासारख्या कारणांत धरलंय. म्हणून ज्याच्या फॉर्मवर त्या प्रश्नाला 'हो' आलं, त्याचं रक्त, कान आणि डोळे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरच तपासले जावेत, एवढा आदेश आपल्या सहीने निघू शकतो. नंतरचा पाठपुरावाही सांगलीला नको. आत्यांना एसटीत बसवून दीड-दोन तास नेणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. भिवघाटापासून आटपाडीपर्यंतच्या माणसांना तर त्याहून लांब पडतं. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, त्यांच्याकडे ई-संजीवनी, म्हणजे लांबच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायची सरकारी सोय, आहे. गोळ्यांचा डोस कमी-जास्त करायला तेवढं पुरतं.

आणखी एक, फार लहान पण फार उपयोगी. असा माणूस एका-दोन दिवसांत अचानक बिघडला, नुसता झोपायला लागला किंवा भलतंच बडबडायला लागला, तर ते आजार वाढल्याचं लक्षण समजून घरचे सोडून देतात. खरं तर पुष्कळदा लघवीचा जंतुसंसर्ग असतो, पाणी कमी पडलेलं असतं, पोट साफ झालेलं नसतं, नाहीतर नवीन गोळी बाधलेली असते. हे चार शब्द आशाताईंना शिकवले तर माणसं वाचतील.

आता मुख्य गोष्ट. आम्हाला सल्ल्यापेक्षा तास हवेत. आठवड्यातले काही तास, ज्यात दुसरं कुणीतरी विश्वासाचं आत्यांजवळ बसलेलं असेल आणि मी बाजाराला जाईन, माझ्या स्वतःच्या दाताच्या डॉक्टरकडे जाईन, नाहीतर कुठेच न जाता झोपेन. माझी शिलाईची मशीन दिवसाला जेमतेम तासभर चालते, कारण कात्री उघड्यावर ठेवता येत नाही आणि पाठ फिरवता येत नाही. रात्री आत्या दोन-तीनदा उठतात, तेव्हा मीही उठते. मागच्या दिवाळीत बहिणीकडे गेले नाही, भाच्याच्या बारशाला गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं. आत्यांना कुणाजवळ ठेवू, याला उत्तर नव्हतं. शहरात पैसे मोजून बाई मिळते. गावात पैसे देऊनही मिळत नाही, कारण दुसऱ्याच्या म्हातारीचं हागणं-मुतणं काढणं हे काम म्हणून कुणी मानत नाही.

पण गावात उमेद या सरकारी अभियानाचे बायकांचे बचत गट आहेत. माझ्याच गटात अशा बायका आहेत की ज्यांनी आपल्या सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलंय आणि आता त्यांचे हात रिकामे आहेत. प्रत्येक गावातून दोघींना निवडा, आठवडाभराचं प्रशिक्षण द्या, ओळखपत्र द्या आणि तासाप्रमाणे मानधन द्या. अंघोळ कशी घालायची, अंथरुणाला खिळलेल्याची कूस कशी बदलायची, घास घशात अडकू नये म्हणून कसं भरवायचं, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, एवढंच शिकायचंय. मिरज-सांगलीत वैद्यकीय आणि नर्सिंगचं शिक्षण देणाऱ्या संस्था पूर्वीपासून आहेत, मिरजेचं नावच दवाखान्यांमुळे झालंय, तेव्हा शिकवणाऱ्यांची वाण नाही. जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून, एका तालुक्यात वर्षभर करून बघा. खानापूर नको असेल तर जत घ्या, शिराळा घ्या, जिथे तरुण माणसं बाहेर आहेत तिथे घ्या.

दुसरं म्हणजे महिन्यातून एक दुपार, उपकेंद्रात किंवा समाजमंदिरात, सांभाळणाऱ्यांची बैठक. रुग्णांना बरोबर आणायची मुभा हवी, नाहीतर आम्ही येणार कशा? एका खोलीत त्यांना जोंधळे निवडायला, भजनाला बसवा, दुसऱ्या खोलीत आम्ही बोलू. त्याच वेळी आमचा बीपी मोजा, साखर बघा. रात्र-रात्र जागून, चोवीस तास दचकत राहून सांभाळणारी माणसं स्वतः आजारी पडतात, उदास होतात. हा घरातला दुसरा रुग्ण आहे आणि तो तपासायला वेगळी मोहीम लागत नाही. बैठकीत तज्ज्ञ आला नाही तरी चालेल. वेणी घालणारे आण्णा आले तर मला जास्त शिकायला मिळेल.

पैशाचं थोडक्यात लिहिते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. चांगलंच आहे, आत्यांचं कार्ड मी काढलंय. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं. अल्झायमरचा खर्च दवाखान्यात होत नाही. तो डायपरवर होतो, रबरी चादरीवर, साबणावर, आणि माझ्या बंद पडलेल्या शिलाईवर होतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना ३,००० रुपये एकदाच मिळतात, त्यातून कमोडची खुर्ची येते. खुर्ची एकदा लागते, डायपर रोज लागतात. मिस्टर त्रिशूरहून सांगतात की केरळ सरकार अंथरुणाला खिळलेल्यांना आणि अशाच पूर्णवेळ सांभाळाव्या लागणाऱ्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या माणसाला 'आश्वासकिरणम्' योजनेतून महिना ६०० रुपये देतं. रक्कम किरकोळ आहे आणि तिचे हप्ते थकतात अशीही तिथे ओरड असते. पण सरकारी कागदावर सांभाळणाऱ्या बाईचं नाव त्या योजनेने चढवलं, हे मला सहाशे रुपयांपेक्षा मोठं वाटतं.

आपल्याकडे नवा कायदा करायची गरज नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचं भान बिघडणं हे शब्द स्पष्ट आहेत. म्हणजे आत्यांसारख्या माणसाला दिव्यांगाचा दाखला मिळायचा मार्ग आहे आणि दाखला मिळाला तर डायपरला त्या निधीतून हातभार लागू शकतो. घोडं अडतं ते दाखल्याच्या रांगेत. अनोळखी जागा, गर्दी, दिवसभराची वाट, यात आमची माणसं अंगावरचे कपडे काढायला लागतात. त्यांच्यासाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठराविक दिवस, ठराविक वेळ आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी भेट, एवढी सोय जिल्हा शल्यचिकित्सकांशी बोलून करून द्यावी. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यालाही हेच लागू आहे, तलाठ्यांनी घरी यावं.

हरवण्याचं भय प्रत्येक घरात आहे. विट्याच्या स्टँडवर माणूस समोर लागलेल्या कुठल्याही गाडीत बसतो, मिरज जंक्शनवर गेला तर मग कुठल्या राज्यात उतरेल सांगता येत नाही. मी आत्यांच्या प्रत्येक लुगड्याच्या पदराला आतून फोन नंबर शिवलाय. पोलीस पाटील, एसटीचे वाहक आणि रेल्वे पोलीस यांच्यापर्यंत एवढं पोहोचवा की गोंधळलेलं म्हातारं माणूस दिसलं तर दारुडा किंवा भिकारी समजून हाकलू नका, पदर बघा, खिसा बघा, ११२ ला फोन करा.

माझं माहेर पलूसकडे नदीकाठाला. २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णेच्या पुरात तिथली गावं शाळांत, कार्यालयांत हलवली. शंभर माणसांच्या हॉलमध्ये अशा रुग्णाला ठेवणं म्हणजे रात्रभर आरडाओरडा, आणि सांभाळणाऱ्याला सगळ्यांच्या शिव्या. पुराच्या आराखड्यात गरोदर बाया आणि अपंग यांची यादी करता, तीतच यांचीही नावं घाला आणि निवारा केंद्रात एक वेगळी वर्गखोली ठेवा.

हे सगळं लिहिताना एक भीती वाटते, की याची एक आणखी वही तयार होईल आणि ती आमच्या आशाताईच्या पिशवीत पडेल. तसं करू नका. तिच्या पिशवीत आधीच पुष्कळ वह्या आहेत. काम वाढवणार असाल तर त्याचा मोबदला आदेशातच लिहा. मोबदला नसेल तर वही सुद्धा नको, आम्ही आहोत तशा बऱ्या.

तोवर माझ्यासारख्या घरांसाठी दोन नंबर इथे लिहून ठेवते : मनाच्या तक्रारीसाठी टेलिमानस १४४१६, ज्येष्ठांच्या मदतीसाठी एल्डरलाइन १४५६७. दोन्ही मोफत आहेत. टेलिमानसवर सांभाळणाऱ्या माणसानेही स्वतःसाठी बोलावं, तेवढी मुभा घ्यावी.

या विषयावर आपण बैठक घ्याल तर तिला डॉक्टर आणि अधिकारी यांच्याबरोबर सांभाळणाऱ्या दोघी-तिघींना बोलवावं ही विनंती. बैठक दुपारी ठेवा. चार वाजता सुटेल अशी ठेवा, कारण दिवस मावळायच्या आत मला घरी पोहोचावं लागतं. आत्यांजवळ बसायला शेजारची वहिनी तयार आहे, पण तिला दोन दिवस आधी कळवावं लागेल.

आपली नम्र,
एक सून,
ता. खानापूर, जि. सांगली

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सांगली, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली.